पाठिंबा स्वीकारला, अंकुश नाकारला

नोव्हेंबर १८९८ मध्ये थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर म्हणून निवडून आले, तेव्हा रिपब्लिकन पक्षाचे राज्यातील सर्वेसर्वा सिनेटर थॉमस प्लॅट त्यांच्या पाठीशी उभे होते. मात्र, हा पाठिंबा प्रेमापोटी नव्हता. कालव्यांच्या कामातील गैरव्यवहारामुळे मावळते गव्हर्नर फ्रँक ब्लॅक यांची राजवट बदनाम झाली होती. पक्षाला स्वच्छ चेहरा हवा होता आणि क्यूबातील युद्ध गाजवून परतलेले कर्नल रूझवेल्ट यांच्याइतका लोकप्रिय उमेदवार दुसरा नव्हता. तरीही विजय मिळाला तो १८ हजारांहून कमी मतांनी.

२७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्कमधील सधन घराण्यात जन्मलेले रूझवेल्ट लहानपणी दम्याने जर्जर होते. तेविसाव्या वर्षीच ते राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले. १४ फेब्रुवारी १८८४ या एकाच दिवशी आई व पत्नी यांचे निधन झाले आणि त्यांनी डाकोटाच्या माळरानावर गुरे पाळत दुःख गिळले. पुढे न्यूयॉर्क शहराच्या पोलिस मंडळाचे अध्यक्षपद व नौदलाचे सहायक सचिवपद त्यांनी भूषविले.

राज्यातील नेमणुका प्लॅट व जिल्ह्याजिल्ह्यांतील त्यांच्या सहकाऱ्यांच्या संमतीने व्हाव्यात, ही पक्षाची रीत होती. रूझवेल्ट यांनी सल्लामसलत मान्य केली. प्लॅट यांच्यासमवेत न्याहारीच्या बैठकाही केल्या. त्यावरून सुधारणावाद्यांची टीकाही सोसली. परंतु सार्वजनिक बांधकाम खात्याच्या प्रमुखपदी प्लॅट यांनी सिरॅक्यूजचे फ्रान्सिस हेंड्रिक्स यांना परस्पर मुक्रर केले, तेव्हा त्यांनी स्पष्ट नकार दिला. हेंड्रिक्स कालव्याकाठच्या भागातील असल्याने संशयाला जागा राहील, असे त्यांचे मत होते. मग त्यांनी स्वतःच काही योग्य नावांची यादी पुढे केली आणि त्यातून निवड झाली.

खरी ठिणगी १८९९ मध्ये पडली. सार्वजनिक रस्त्यांवर ट्राम, गॅस आदी सेवा चालविणाऱ्या कंपन्यांच्या परवान्यांवर कर बसविण्याचा कायदा रूझवेल्ट यांनी रेटला. याच कंपन्यांच्या देणग्यांवर पक्षाची यंत्रणा चालत असे. प्लॅट संतापले, पण कायदा झाला. १९०० मध्ये प्लॅट यांचे निकटवर्ती, विमा अधीक्षक लुई पेन यांना मुदतवाढ नाकारून त्या जागी रूझवेल्ट यांनी त्याच हेंड्रिक्स यांना नेमले. विरोध व्यक्तीला नव्हता, हे त्यातून दिसले.

अखेर हा गव्हर्नर राज्याबाहेर घालविण्यासाठी प्लॅट यांनी त्यांना उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीकडे ढकलले. सत्ताहीन मानल्या जाणाऱ्या त्या पदावर ते मार्च १९०१ मध्ये आले. सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ले यांच्यावर बफेलो येथे गोळीबार झाला. १४ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले आणि ४२ वर्षांचे रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष बनले. १९०६ मध्ये ते शांततेच्या नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरले. ६ जानेवारी १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. ज्यांना राज्याच्या कारभारातूनही दूर करायचे होते, त्यांच्या हाती प्लॅट यांच्या डावपेचानेच देशाची सूत्रे गेली.