पेर-इंगवार ब्रोनेमार्क

पेर-इंगवार ब्रोनेमार्क (३ मे १९२९ – २० डिसेंबर २०१४) हे स्वीडिश वैद्यक संशोधक व शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. आधुनिक दंतरोपणाचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

जीवन व संशोधन

त्यांचा जन्म कार्ल्सहाम्न येथे झाला. सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करताना त्यांनी टायटॅनियमचे उपकरण हाडात बसवले होते. प्रयोगाअंती ते हाडाशी एकजीव झाल्याचे आढळले. या संयोगाला पुढे त्यांनी 'ऑसिओइंटिग्रेशन' हे नाव दिले. १९६५ मध्ये गोथेनबर्ग येथे त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात रोपण केले. ते चाळीस वर्षांहून अधिक काळ, रुग्णाच्या मृत्यूपर्यंत टिकले. तरीही हाड परका धातू स्वीकारणार नाही, या समजुतीमुळे त्यांना स्वदेशातच दीर्घकाळ विरोध सहन करावा लागला. १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर या पद्धतीस व्यापक मान्यता मिळाली.

रोपणाचा पृष्ठभाग

ब्रोनेमार्क यांचा स्क्रू यंत्रावर कातलेला व तुलनेने गुळगुळीत होता. हाड जुळेपर्यंत खालच्या जबड्यात सुमारे ३ व वरच्या जबड्यात सुमारे ६ महिने त्यावर भार दिला जात नसे. नंतरच्या संशोधकांनी सूक्ष्म कणांचा मारा, आम्लप्रक्रिया व विद्युत्-रासायनिक ऑक्सिडीकरण यांद्वारे पृष्ठभाग मध्यम खडबडीत केला. रोपणाचे आरंभीचे स्थैर्य मुख्यतः हाडाची घनता व स्क्रूची घडण यांवर अवलंबून असते. नंतरचे स्थैर्य नव्या हाडामुळे येते. खडबडीत पृष्ठभागावर हे हाड लवकर धरते, त्यामुळे रुग्णाची प्रतीक्षा कमी झाली. मात्र असा पृष्ठभाग हिरडीबाहेर उघडा पडल्यास त्यावर जंतूंचा थर अधिक साचतो.

सन्मान

२०११ मध्ये त्यांना युरोपीय संशोधक पुरस्कारांतील जीवनगौरव प्राप्त झाला.