रुपयाचा प्रश्न आणि चार वर्षांची मुदत

लंडनच्या प्रिमरोझ हिल परिसरातील किंग हेन्रीज रोडवरचे दहा क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने 2015 साली विकत घेतले. या घरात 1921-22 च्या सुमारास राहणारा तिशीतला भाडेकरू तेथे अर्थशास्त्रातील एका अर्धवट राहिलेल्या पदवीसाठी आला होता. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, मात्र डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेचा मोठा भाग पैसा, किमती, विनिमय दर आणि सरकारी वित्तव्यवस्था यांच्या अभ्यासात गेला, हे अनेकदा नजरेआड होते. आज ज्याला स्थूल अर्थशास्त्र म्हणतात, त्याला तेव्हा हे नावही मिळालेले नव्हते.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेले भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले. फेब्रुवारी 1913 मध्ये त्यांचे वडील निवर्तले. त्याच वर्षी महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करावी, अशी तिची अट होती. जुलै 1913 मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचेच 29 अभ्यासक्रम घेतले. सार्वजनिक वित्तव्यवस्थेचे नामांकित अभ्यासक एडविन सेलिग्मन हे त्यांचे गुरू होते. 1915 साली एम.ए. झाल्यावर त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील केंद्र आणि प्रांत यांच्यातील आर्थिक संबंधांचा प्रबंध हाती घेतला. तो पुढे 1925 साली सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि 1927 साली कोलंबियाने त्यांना रीतसर पीएच.डी. दिली.

1916 साली त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही नाव नोंदवले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 च्या उन्हाळ्यात त्यांना परतावे लागले. विद्यापीठाने एवढीच सवलत दिली, की चार वर्षांच्या आत परत आल्यास अभ्यास पुढे चालू ठेवता येईल. महायुद्ध पेटलेले होते. त्यांचे सामान आणि जमवलेली पुस्तके घेऊन निघालेली बोट पाणतीराने बुडाली. बडोद्यात अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तेथूनही हुसकावून लावण्यात आले. नोव्हेंबर 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथेही काही सहकाऱ्यांनी पाण्याच्या सामायिक भांड्याला त्यांनी हात लावण्यास हरकत घेतली.

मुदतीचे घड्याळ मात्र चालूच होते. पगारातील बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढ्या बळावर ते 1920 साली पुन्हा लंडनला गेले. मुंबईत रमाबाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढत होत्या. लंडनमध्ये ते दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसत. रात्रीच्या भुकेवर चार पापडांचा उतारा असे, असे चरित्रकार सांगतात.

ते लंडनला पोहोचले त्या सुमारास त्यांच्या विषयाचा धडा डोळ्यांदेखत घडत होता. हिंदुस्थान सरकारने रुपयाचा दर सोन्याच्या दोन शिलिंगांवर टिकवण्याचा प्रयत्न चालवला होता. तो काही महिन्यांतच फसला. या गोंधळाची मुळे जुनी होती. 1870 नंतर चांदी घसरत गेली आणि चांदीचा रुपयाही तिच्यासोबत खाली आला. 1893 साली सरकारने टांकसाळी जनतेसाठी बंद केल्या आणि पुढे रुपया एक शिलिंग चार पेन्सला बांधला, म्हणजे पौंडाला पंधरा रुपये. यातून सुवर्ण विनिमय परिमाण उभे राहिले: देशात चांदीचा रुपया आणि बाहेरच्या देण्यांसाठी लंडनमध्ये राखीव निधी. जॉन मेनार्ड केन्स यांनी 1913 सालच्या आपल्या ग्रंथात या पद्धतीची भलामण केली होती.

आंबेडकरांनी नेमका उलट पक्ष घेतला. विनिमय दर स्थिर राहिला म्हणून देशातील किमती स्थिर राहतात असे नाही. रुपये पाडण्याचा अधिकार सरकारच्या मर्जीवर सोडला, तर चलन वाढते, महागाई होते आणि रोजंदारीवर जगणाऱ्याच्या पैशाची क्रयशक्ती झिजते, असा त्यांचा युक्तिवाद होता. टांकसाळी सरकारसाठीही बंद कराव्यात, रुपयाच्या प्रमाणाला ठाम मर्यादा घालावी आणि सोन्याचे नाणे चालवावे, हा त्यांनी सुचवलेला उपाय.

1921 साली एम.एस्सी. झाल्यावर त्यांनी ऑक्टोबर 1922 मध्ये हाच विषय डी.एस्सी.च्या प्रबंधात मांडला. परीक्षकांनी मार्च 1923 मध्ये तो फेरलेखनासाठी परत केला. ब्रिटिश धोरणावरील टीका त्यांना बोचली, असे सांगितले जाते. तोवर पैसे संपले होते. आंबेडकर एप्रिलमध्ये मुंबईस परतले आणि निष्कर्ष न बदलता, मांडणी सुधारून त्यांनी प्रबंध तेथून पुन्हा पाठवला. त्याच वर्षअखेरीस पदवी मिळाली आणि लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने ग्रंथही प्रसिद्ध केला. त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी काही मुद्द्यांवर मतभेद नोंदवूनही त्याला प्रस्तावना लिहिली.

दोनच वर्षांनी चलनव्यवस्थेच्या चौकशीसाठी हिल्टन यंग आयोग नेमला गेला आणि त्यासमोर आंबेडकरांनी साक्ष दिली. या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली; रिझर्व्ह बँक 1 एप्रिल 1935 रोजी सुरू झाली. ती बँक आंबेडकरांनीच स्थापली, असे आज सर्रास म्हटले जाते. ते अतिशयोक्त आहे. त्यांची सोन्याच्या नाण्याची योजना आयोगाने स्वीकारली नाही आणि जगही पुढे सुवर्ण परिमाणापासून दूर गेले. तरीही चलन निर्माण करणाऱ्या सत्तेवर बंधन हवे आणि महागाईचा भार कोणावर पडतो हे आधी पाहावे, हा त्यांचा आग्रह शिळा झालेला नाही.

1952 साली कोलंबियाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे निधन झाले. मुदतीची शिष्यवृत्ती, मुदतीचा व्हिसा आणि घरी पाठवायचे पैसे यांचा हिशेब परदेशातील मराठी माणसाला नवा नाही. आंबेडकरांनी तो हिशेब परतल्यावर जात आड येणाऱ्या देशाच्या संदर्भात मांडला आणि तरीही ते परतले.