नीरेत व्हिटॅमिन किती, हे मोजून सांगणाऱ्या कमला सोहोनी

फोनवरून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या मागवल्या की भिवंडीच्या एखाद्या गोदामातून बाटली घरपोच येते. पुढचं चकचकीत लेबल सगळेच वाचतात. मागे बारीक अक्षरात लिहिलेले घटक आणि मिलिग्रॅम मात्र वाचायचे राहून जातात.

यात काय आहे आणि किती आहे, हा प्रश्न आयुष्यभर विचारला तो डॉ. कमला सोहोनी यांनी.

त्या माहेरच्या भागवत. जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील आणि काका रसायनशास्त्रज्ञ, बहीण लेखिका दुर्गा भागवत. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून बीएस्सीला अव्वल येऊन त्यांनी बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटून बसल्या. शेवटी वर्षभर काम बघू, या अटीवर प्रवेश मिळाला. त्यांनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर असं काम केलं की रामन यांचं मतच बदललं. पुढे मुलींना तिथे प्रवेश मिळू लागला.

मग केंब्रिज. तिथे त्या फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत पोचल्या. व्हिटॅमिनच्या शोधासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले हेच हॉपकिन्स. आज गोळ्यांमधून विकलं जाणारं ग्लुटाथिओन हे अँटिऑक्सिडंटही त्यांनीच १९२१ साली वेगळं केलं होतं. १९३९ साली कमलाबाईंनी पीएचडी मिळवली. विज्ञानात पीएचडी करणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय महिलांपैकी त्या एक ठरल्या.

भारतात परतल्यावर कुन्नूरला व्हिटॅमिनवर संशोधन, १९४७ नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत अध्यापन. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी सुचवल्यावरून त्यांनी नीरा तपासायला घेतली. नीरा आरोग्याला चांगली, हे लोक म्हणायचेच. कमलाबाईंनी त्यातलं व्हिटॅमिन सी, ए आणि लोह मोजलं. मग कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बायकांच्या आहारात नीरा देऊन काय फरक पडतो, ते पाहिलं. तब्येती सुधारल्या. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

मुंबईतल्या ग्राहक चळवळीतही त्या होत्या. भेसळ कशी ओळखायची, हे त्यांनी सामान्य माणसाला शिकवलं. १९९८ साली त्यांचं निधन झालं.

त्यांचा प्रश्न आजच्या बाटलीलाही लागू पडतो. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार व्हिटॅमिन सीची रोजची गरज पुरुषाला ८० आणि बाईला ६५ मिलिग्रॅम. एक पेरू खाल्ला तरी ती सहज भागते. मग ५०० मिलिग्रॅमची गोळी कशासाठी? आणि जास्त म्हणजे चांगलंच, असंही नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं, तर फुप्फुसाचा कॅन्सर कमी होण्याऐवजी वाढला. हा निष्कर्ष १९९४ सालचा.

म्हणून बाटली हातात आली की आधी ती उलटी करा. घटक कोणते, प्रत्येकाचं प्रमाण किती, आणि ते एका गोळीतलं की दोन गोळ्यांतलं, एवढं वाचा. रोजची औषधं चालू असतील, तर तेच लेबल डॉक्टरांनाही दाखवा.