खाँसाहेब अल्लादियाखाँ

कोल्हापुरांत दोन जुने गानरसिक एकत्र बसले म्हणजे त्यांचें बोलणें हटकून एका वादावर येऊन ठेपतें. एक जण आपल्या संग्रहांतील जुन्या तबकड्यांची थोरवी सांगूं लागतो. कोणत्या गायिकेनें कोणता राग अवघ्या तीन मिनिटांत कसा उभा केला, तबकडीच्या दुसऱ्या बाजूस काय आहे, हें सारें त्याला मुखोद्गत असतें. दुसऱ्यास तें पटत नाहीं. त्याच्या मतें तबकडी म्हणजे गाण्याचें केवळ चित्र होय; खरें गाणें मैफलींतच होतें, आणि तें आज ऐकावयाचें असेल तर भर मैफलींत कोणी रसिकानें टिपून ठेविलेलें ध्वनिमुद्रणच ऐकावें, मग त्यांत खोकल्याचे व पेल्यांचे आवाज आले तरी हरकत नाहीं. हा वाद रात्र रात्र चालतो. मात्र एका नांवापाशीं दोघेही थबकतात. ज्यांच्या गायकीचा हा सारा विस्तार, त्या अल्लादियाखाँसाहेबांच्या आवाजाची ना तबकडी उपलब्ध आहे, ना मैफलीचें मुद्रण. असा हा पुरुष कोण होता, व आपला आवाज मागें न ठेवतां तो लोकांच्या कानांत कसा राहिला, हें विद्यार्थ्यांनीं जाणून घेण्यासारखें आहे.

अल्लादियाखाँ यांचा जन्म १० ऑगस्ट १८५५ रोजीं राजपुतान्यांत, जयपूर संस्थानाच्या छत्राखालील उणियारा या लहानशा गांवीं झाला. त्यांचें मूळ नांव गुलाम अहमद. अल्लादिया, म्हणजे ईश्वरानें दिलेला, हें घरांत पडलेलें लाडकें नांवच पुढें सर्वत्र रूढ झालें. त्यांचें घराणें पिढीजाद गवयांचें होतें, आणि आपलें मूळ गौड ब्राह्मणांत आहे असें त्या कुटुंबांत परंपरेनें मानीत असत. वडील अहमदखाँ हे लौकरच निवर्तले. पितृछत्र हरपलेल्या या मुलास त्याचे चुलते जहांगीरखाँ यांनीं हातीं धरिलें. पांच वर्षें ध्रुपद व नंतर आठ वर्षें ख्याल, अशी तेरा वर्षांची ती तालीम होती. आजचा विद्यार्थी जेवढ्या काळांत बालवर्गापासून शालान्त परीक्षेपर्यंत पोहोंचतो, जवळ जवळ तेवढा काळ या मुलानें एकाच विद्येच्या पायरीवर बसून काढिला. लय अंगांत भिनविणाऱ्या ध्रुपदाचा हा पाया त्यांना पुढें एका मोठ्या संकटांतून तारणार होता.

तरुणपणीं अल्लादियाखाँ संस्थानोसंस्थानीं गात फिरूं लागले. त्यांचा आवाज भरदार होता व कीर्ति वाढत होती. अशा ऐन भरांत माळव्यांतील आमलेटा या छोट्या संस्थानांत त्यांच्यावर कठीण प्रसंग ओढवला. तेथील अधिपति गाण्याचे मोठे षोकी होते. त्यांच्या आग्रहाखातर खाँसाहेब दिवसामागून दिवस गात राहिले. गळ्यास विश्रांति म्हणून मिळाली नाहीं, आणि शेवटीं गळा बसला. तो एक दोन दिवसांपुरता बसला नव्हता. दीर्घकाळ त्यांना गातां येईना, आणि पुढें आवाज परत आला तेव्हां तो पूर्वीचा राहिला नव्हता. पूर्वीचा गोडवा व मोकळेपणा गेला तो गेलाच.

गवयाचा गळा जाणें म्हणजे चित्रकाराची दृष्टि जाण्यासारखेंच होय. अशा वेळीं कित्येक जण दैवास दोष देऊन स्वस्थ बसले असते. खाँसाहेबांनीं तसें केलें नाहीं. आपल्या हातीं काय उरलें आहे याचा त्यांनीं हिशेब मांडिला. गळ्याचा गोडवा गेला होता. परंतु तेरा वर्षांची विद्या, ध्रुपदाची लय व विलक्षण बुद्धि शाबूत होती. आमच्या करवीरच्या तालमींतून असे मल्ल लोकांनीं पाहिले आहेत कीं, एकदां खांदा दुखावल्यावर त्यांनीं नुसत्या बळाची कुस्ती सोडिली व डावपेचांची कुस्ती जोपासली, आणि पूर्वीपेक्षांही ते भारी ठरले. खाँसाहेबांचें तसेंच झालें. बदललेल्या आवाजाला शोभेल अशी एक नवी गायकीच त्यांनीं घडविली. जयपूर-अत्रौली या नांवानें आज जें घराणें ओळखलें जातें, त्याचा उगम येथें आहे.

ही गायकी ऐकावयास अवघड, पण एकदां कळली म्हणजे सोडवत नाहीं, अशी तिची ख्याति आहे. तिच्यांतील तान बाणासारखी सरळ सुटत नाहीं. डोंगरांतील वाटेप्रमाणें ती वळणें घेत चढते व उतरते. एक स्वरवाक्य संपतें न संपतें तोंच दुसरें त्याच्या पोटांतून निघतें. प्रत्येक मात्रेचा अर्धा-पाव भाग हिशेबांत धरून ही साखळी विणलेली असते, आणि ऐकणारा वाट चुकला असें वाटत असतांनाच गाणारा अचूक समेवर येऊन उभा राहतो. दोन रागांचे धागे एकत्र वळून केलेले जोडराग व फारसे कानावर न येणारे अप्रचलित राग यांची खाँसाहेबांना मोठी आवड होती. संपूर्ण मालकंस, नट कामोद, भूप नट, बसंती केदार, जैत कल्याण इत्यादि राग आज मैफलींत ऐकूं येतात, त्याचें श्रेय बव्हंशीं त्यांच्या घराण्याकडे जातें.

१८९५ चे सुमारास खाँसाहेब कोल्हापुरास आले, आणि त्यांच्या भ्रमंतीस विसांवा मिळाला. राजर्षि शाहू छत्रपतींनीं आदल्याच वर्षीं राज्यसूत्रें हातीं घेतलीं होतीं. महाराजांना माणसांची पारख होती. त्यांनीं या परप्रांतीय मुसलमान गवयास आपल्या दरबारीं मानानें ठेवून घेतलें. गाण्याची हौस या नगरीस आधींपासूनच होती. १८८३ सालीं स्थापन झालेला देवल क्लब हें रसिकांचें माहेरघर होतें. महाराजांनीं मल्लांसाठीं खासबागेचें मैदान व नाटकांसाठीं पॅलेस थिएटर बांधिलें, तीं वर्षेंही हींच. खाँसाहेबांनीं सुमारें सत्तावीस वर्षें येथें घालविलीं. त्यांचे धाकटे बंधु हैदरखाँ हेही त्यांच्यासमवेत गात असत. थोरले चिरंजीव नसीरुद्दीन ऊर्फ बडेजी, मधले बद्रुद्दीन ऊर्फ मंजीखाँ व धाकटे शमसुद्दीन ऊर्फ भूर्जीखाँ या तिघांनाही घरचीच विद्या मिळाली. कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे गोविंदराव टेंबे हे खाँसाहेबांच्या सहवासांत वाढले, आणि पुढें १९५४ सालीं त्यांनीं त्यांचें चरित्र लिहिलें.

शिष्यांमध्यें पहिलें नांव भास्करबुवा बखले यांचें. अन्य घराण्यांची विद्या संपादन करून मोठे गवई झाल्यानंतरही भास्करबुवा खाँसाहेबांपुढें विद्यार्थी म्हणून बसले, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पुढें गोव्याच्या दोन कन्यांनीं ही विद्या कळसास नेली. केरी गांवच्या केसरबाई केरकर यांना १९२१ पासून खाँसाहेबांची तालीम मिळूं लागली. सुमारें अकरा वर्षें ती कसून चालली, आणि गुरु हयात असेपर्यंत त्यांनीं शिकणें सोडिलें नाहीं. दुसऱ्या कुर्डीच्या मोगूबाई. सांगलींत औषधोपचारासाठीं राहिले असतां खाँसाहेबांच्या कानीं एका मुलीच्या रियाजाचे सूर पडले. ते स्वतः होऊन तिच्या घरीं गेले व शिकवूं लागले. एवढ्या थोर गवयानें अनोळखी मुलीचा उंबरठा चढावा, यावरून विद्या देण्याची त्यांची ओढ दिसून येते.

१९२२ सालीं शाहू महाराज निवर्तले. आश्रयदाता गेल्यावर खाँसाहेबांनीं वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं मुंबई गांठिली. १९३७ सालीं मंजीखाँसारखा गुणी मुलगा डोळ्यांदेखत गेला. तो घाव सोसून वृद्ध पिता शिष्यांना शिकवीतच राहिला. अखेर १६ मार्च १९४६ रोजीं, नव्वदी ओलांडल्यावर, मुंबईस त्यांचें देहावसान झालें.

आतां आरंभीच्या प्रश्नाकडे वळूं. हिंदुस्थानांत गाण्याच्या तबकड्या १९०२ पासून निघूं लागल्या. तेव्हां खाँसाहेब सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्यानंतर त्यांना चव्वेचाळीस वर्षांचें आयुष्य लाभलें. मिरजेचे अब्दुल करीमखाँ तबकडींत गायले, व १९३७ सालीं ते गेले तरी त्यांचा आवाज आजही घरोघरीं ऐकूं येतो. अल्लादियाखाँ मात्र या यंत्रापुढें बसण्यास राजी झाले नाहींत. ज्या गायकीस एक राग मांडावयास तासभर लागे, ती तीन मिनिटांच्या तबकडींत कशी मावावी? शिवाय आपल्या दुर्मिळ चिजा कोणीही परस्पर उचलाव्या, ही धास्ती त्या काळच्या बहुतेक उस्तादांना असे.

यावर एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारील कीं, हें योग्य झालें काय? शुभवर्तमानांतील दाखल्यांत एक चाकर आहे. धन्यानें सोपविलेलें द्रव्य त्यानें व्यापारांत न घालतां भिऊन जमिनींत पुरून ठेविलें, आणि म्हणून तो दोषास पात्र झाला. खाँसाहेबांनीं आपलें धन असेंच पुरून ठेविलें नाहीं काय? प्रश्न रास्त आहे, आणि कांहीं नुकसान झालें हें नाकारतां येणार नाहीं. त्यांची समेवरची झेप कशी होती, जायबंदी गळ्यांतून ती तान कशी निघत होती, हें आतां कोणासही कानांनीं पडताळतां येणार नाहीं. दोघां रसिकांचा वाद त्यांच्या नांवापाशीं थांबतो तो यामुळेंच.

तथापि त्या चाकरानें द्रव्य कोणासही दिलें नव्हतें. खाँसाहेबांनीं आपलें सर्वस्व माणसांच्या ठायीं गुंतविलें. मंजीखाँ गेल्यावर त्यांचे शिष्य मल्लिकार्जुन मन्सूर हे भूर्जीखाँकडे शिकले, व १९९२ पर्यंत आपल्या गाण्यानें देश तृप्त करीत राहिले. कोल्हापुरांत जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णी भूर्जीखाँकडे व नंतर केसरबाईंकडे शिकल्या. मोगूबाईंची विद्या त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांनीं नव्या वाटेनें नेली. या साऱ्यांच्या तबकड्या व मैफलींचीं मुद्रणें आज उपलब्ध आहेत. एकच राग तिघांकडून ऐकावा, आणि तिघांमध्यें जें समान आढळेल तें खाँसाहेबांचें समजावें. रसिक तसेंच करितात.

आणखी एक नवल सांगून हा लेख पुरा करितों. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें आकाशांत सोडिलीं, व त्यांवर पृथ्वीवरील निवडक ध्वनींची सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी ठेविली. तींत केसरबाईंची भैरवी आहे. अवघी साडेतीन मिनिटांची. दुसरें यान सुटून पुरते दोन आठवडेही झाले नव्हते, तोंच, १६ सप्टेंबर रोजीं केसरबाई निवर्तल्या. तीं यानें ग्रहमाला मागें टाकून आज ताऱ्यांमधील पोकळींतून चाललीं आहेत. ज्या गुरूनें आपला आवाज तबकडीस दिला नाहीं, त्याची तालीम शिष्येच्या कंठांतून, एका तबकडीवरच, तेथवर पोहोंचली.

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्या शिक्षकांपैकीं कित्येकांचें नांव कोठेंही छापिलें जाणार नाहीं, कीं त्यांचा आवाज कोणी टिपून ठेवणार नाहीं. त्यांची तबकडी म्हणजे तुम्हीच आहां. ती जपून ठेवा.