ठिणगीचा कारागीर

गेल्या पावसाळ्यात माणगावहून ताम्हिणीमार्गे पुण्याला येत होतो. गाडी भाच्याची. टर्बोची पेट्रोल गाडी. त्यातही हौस म्हणून कारखान्याने ठरवून दिला होता त्याहून टर्बोचा दाब त्याने वाढवून घेतलेला. विळ्यापर्यंत प्रवास छान झाला. घाट लागला, भाच्याने पाय दाबला आणि गाडी उचक्या देऊ लागली. पाय सैल केला की शहाण्यासारखी चाले, दाबला की पुन्हा उचकी. धबधबे बघायला आलेल्या गर्दीतून वाट काढत, मुळशीच्या जलाशयाच्या कडेकडेने आम्ही कसेबसे पौडला पोहोचलो.

तिथल्या एका मेकॅनिकने बॉनेट उघडले, चारही स्पार्क प्लग काढले आणि फडक्यावर ओळीने मांडले. टोकाची चिनीमाती पांढरीफटक पडली होती, तिच्यावर बारीक काळे ठिपके होते आणि दोन टोकांमधली फट झिजून रुंदावली होती. प्लगचा चेहरा वाचता आला पाहिजे, असे त्याचे म्हणणे. तांबूस-करडा रंग म्हणजे प्रकृती ठीक, काजळी म्हणजे प्लग जास्त थंड किंवा पेट्रोल जास्त, आणि असा पांढरा म्हणजे इंजिनाला ताप चढलेला. या गाडीला एक पायरी थंड प्लग हवेत आणि फटही कमी हवी, असे त्याने सांगितले. दुकानात त्याच आट्यांचे, स्वस्तातले प्लग होते. ते बसवून आम्हाला वाटेला लावणे सहज शक्य होते. पण त्याने साफ नकार दिला आणि पुण्याहून योग्य प्लग येईपर्यंत गाडी ठेवून जायला सांगितले. भाचा धुसफुसला. आम्ही एसटीने घरी आलो. वाटेत मला मात्र सारखी एका जुन्या माणसाची आठवण येत होती.

स्कूटर आडवी करून मग किक मारणाऱ्या पिढीला प्लग काही नवा नाही. डिकीत प्लगपाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा असायचाच. तेव्हा हातात यायचा तो बहुधा ‘मायको’चा प्लग. ही कंपनी १९५१ मध्ये बंगळूरला निघाली, ती जर्मनीच्या बॉश कंपनीच्या सहकार्याने. २००८ पासून तिचे नावही बॉशच झाले आहे. मला आठवत होता तो या नावामागचा माणूस, रॉबर्ट बॉश.

जर्मनीतल्या उल्म शहराजवळ आल्बेक नावाच्या खेड्यात २३ सप्टेंबर १८६१ रोजी त्याचा जन्म झाला. बारा भावंडांतला हा अकरावा. वडिलांची शेती होती आणि वाटसरूंसाठी एक सराई. शिक्षण बेताचेच झाले आणि पोराला बारीक यंत्रकामाच्या उमेदवारीला लावले. तिथल्या मालकाने शिकवण्याकडे फारसे लक्ष दिले नाही. ही बोच त्याच्या मनात कायम राहिली आणि पुढे स्वतःच्या कारखान्यात उमेदवारांच्या शिक्षणाकडे त्याने जातीने पाहिले. १८८४ मध्ये तो अमेरिकेला गेला, न्यूयॉर्कला एडिसनच्या कारखान्यात राबला, नंतर इंग्लंडमध्ये सीमेन्सकडे काम करून मायदेशी परतला.

१५ नोव्हेंबर १८८६ रोजी त्यांनी स्टुटगार्टमध्ये आपली छोटी कार्यशाळा उघडली. मदतीला एक कारागीर आणि एक पोऱ्या. टेलिफोन बसवणे, विजेच्या घंटा लावणे, पडेल ते काम करणे असा सगळा संसार. पुढच्याच वर्षी लग्न झाले, मुले झाली, पण कितीतरी वर्षे महिन्याची तोंडमिळवणी होत नव्हती.

१८८७ मध्ये एका गिऱ्हाइकाने जागेवर चालणाऱ्या इंजिनासाठी ठिणगी पाडणारे यंत्र, म्हणजे मॅग्नेटो, करून मागितले. हा शोध बॉश यांचा नव्हता. तसे यंत्र आधीपासून होते. त्यांनी ते सुधारून नीटनेटके केले. पुढे मोटारी आल्या आणि ठिणगीला महत्त्व आले. तेव्हाच्या काही गाड्यांत ज्योतीने लाल तापवलेल्या नळीने पेट्रोलचा भडका उडवत. धावत्या गाडीत पेट्रोलशेजारी उघडी ज्योत! मोटारीचे जनक कार्ल बेंझ यांनाही सगळ्यात जास्त छळले ते या ठिणगीच्या प्रश्नाने. १८९७ मध्ये बॉश यांच्याकडे एक तीनचाकी आली. तिचे इंजिन जागेवरच्या इंजिनापेक्षा कितीतरी पट वेगाने फिरणारे. जुने मॅग्नेटो त्या वेगाला पुरे पडेना. त्यांच्या कारखान्यातल्या आर्नोल्ड झेरिंगर यांनी जड भाग हलवण्याऐवजी हलकी धातूची नळी हलवण्याची युक्ती काढली आणि गाडी धावली.

तरीही सिलिंडरच्या आत उघडझाप करणाऱ्या दांड्यांची कटकट उरलीच होती. ती सोडवली गोटलोब होनोल्ड यांनी. त्यांनी मॅग्नेटोतूनच उच्च दाबाची वीज काढली आणि ती एका स्थिर प्लगच्या फटीतून उडवली. त्या प्लगला ७ जानेवारी १९०२ रोजी पेटंट मिळाले. प्लग ही वस्तू त्याआधीही होती. १८६० मध्ये लेनोआर यांच्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी होतीच. पण मॅग्नेटो आणि प्लग यांची भरवशाची जोडी इथे जमली. १९०६ मध्ये कारखान्यातून एक लाखावे मॅग्नेटो बाहेर पडले.

त्याच वर्षी बॉश यांनी आणखी एक गोष्ट केली. कामगारांचा दिवस आठ तासांचा केला. दमलेला हात बारीक काम बिघडवतो, हा कारागिराचा हिशेब त्यामागे होता आणि माणुसकीही होती. इतर कारखानदार चिडले. त्यांना लाल बॉश म्हणू लागले. तरीही १९१३ मध्ये त्यांच्याच कारखान्यात संप झाला आणि तो घाव त्यांना लागला. स्वभावाने ते तापट आणि काटकसरी. जमिनीवर पडलेली कागदाची टाचणी उचलून, ही काय आहे, असे त्यांनी एका नोकराला विचारल्याची गोष्ट सांगतात. त्यांच्या मते ते पडलेले पैसे होते. त्याच माणसाने १९१० मध्ये स्टुटगार्टच्या तंत्रविद्यालयाला दहा लाख मार्क देऊन टाकले आणि पहिल्या महायुद्धात मिळालेला नफा लोकोपयोगी कामांकडे वळवला. पैसा बुडाला तर चालेल, पण गिऱ्हाइकाचा विश्वास बुडता कामा नये, हा त्यांचा दंडक होता.

सुखाला मात्र दृष्ट लागली. थोरला मुलगा दीर्घ आजाराने १९२१ मध्ये गेला. १९२७ मध्ये त्यांनी दुसरे लग्न केले; त्याच साली कंपनीचा डिझेल पंपही बाजारात आला. स्टुटगार्टला त्यांनी मोठे इस्पितळ उभारले. ते १९४० मध्ये सुरू झाले. पण तोवर हिटलरची राजवट येऊन सात वर्षे झाली होती. बॉश आणि त्यांचे सहकारी छळ होणाऱ्या ज्यूंना गुपचूप मदत करत होते. हिटलरविरोधकांपैकी गोएर्डेलर यांनाही त्यांनी आधार दिला. त्याच वेळी त्यांचा कारखाना युद्धसामग्री बनवत होता आणि तिथे सक्तीने आणलेले मजूर राबत होते. आठ तासांचा दिवस देणाऱ्याच्या छपराखाली हे घडले, हे लपवून त्यांचे चरित्र सांगता येणार नाही. १२ मार्च १९४२ रोजी ते गेले आणि ज्या राजवटीचा त्यांना तिटकारा होता तिनेच त्यांची सरकारी इतमामाने अंत्ययात्रा काढली. आज कंपनीचा बहुतांश मालकीहक्क त्यांच्या नावाच्या धर्मादाय संस्थेकडे आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही पौडला गेलो. नवे प्लग आले होते. मेकॅनिकने भाच्याला समोर बसवून समजावले. टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो, म्हणून दाब वाढतो आणि उष्णताही. दाटलेल्या हवेतून ठिणगीला उडी मारणे जड जाते, म्हणून फट कमी ठेवायची. साध्या गाडीत मिलिमीटरभर चालत असेल, तर इथे पाऊण किंवा त्याहूनही कमी. प्लगचे टोक साधारण पाचशे ते साडेआठशे अंशांत राहिले पाहिजे. कमी तापले तर काजळी जळून जात नाही, जास्त तापले तर ठिणगीच्या आधीच भडका उडतो आणि पिस्टनला भोक पडू शकते. थंड प्लग ठिणगी थंड टाकत नाही. तो टोकाची उष्णता इंजिनाच्या हेडकडे लवकर पोहोचवतो. पण उगाच फार थंड घेतला, तर शहरातल्या रांगेत काजळी धरतो. आणि नुसत्या आकड्यावर जाऊ नये: काही कंपन्यांत मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, तर काहींत नेमका उलट. कंपनीचा तक्ता बघावा, इरिडियमच्या चकाकीला भुलू नये, आणि प्लग हाताने आट्यांत बसवून मगच मापाने आवळावा.

एवढे सांगून त्याने फिलर गेज घेतले आणि एकेका प्लगची फट तपासली. इरिडियमचे नाजूक टोक दुखावू नये म्हणून अगदी हळुवार. भाचा पहिल्यांदाच गप्प बसून बघत होता. ताम्हिणीच्या चढावर गाडीने पुन्हा उचकी दिली नाही. पण मला त्याहून समाधान वाटले ते परतीच्या वाटेवर. टर्बोचा वाढवलेला दाब पुन्हा मूळ मापावर आणावा का, असे भाच्याने आपणहून विचारले. आणि विचारले ते मला नाही, पौडला पुन्हा गाडी थांबवून त्या मेकॅनिकला.