एडिसन यांना निकेलची खाण का हवी होती?
थॉमस अल्वा एडिसन (१८४७-१९३१) म्हटलं की बल्ब आठवतो. पण इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीसाठी ते निकेलच्या शोधातही फिरले होते. शिशाची बॅटरी जड, म्हणून त्यांनी निकेल-लोखंडाची बॅटरी बनवली. निकेलसाठी १९०१ मध्ये त्यांनी कॅनडातलं सडबरी गाठलं. फाल्कनब्रिजला खोदताना पाणथळ, सरकती वाळू लागली. नाद सोडावा लागला. त्याच भागात पुढे निकेलची मोठी खाण निघाली! इकडे पहिल्या बॅटऱ्या गळू लागल्या. सुधारित बॅटरी येईपर्यंत फोर्डची स्वस्त पेट्रोल कार रस्त्यावर आली होती. आज जगातलं निम्म्याहून अधिक निकेल इंडोनेशियातल्या खाणींतून निघतं. ते वितळवणाऱ्या तिथल्या कारखान्यांची वीज मात्र बहुतांश कोळशाचीच आहे.