वंशावळी लिहिणाऱ्या डॉ. ज्युलिया बेल

आपल्याकडे वंश चालतो तो मुलाकडून, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आमच्या भागात सुगी झाली की हेळवी येतो आणि जुन्या चोपडीतून घराण्याच्या सात-आठ पिढ्यांची नावे घडाघडा वाचून दाखवतो. नावे सारी पुरुषांची. लेकी सासरी गेल्या की चोपडीतूनही गेल्या. परंतु काही रोग असे आहेत की ते ही चोपडी मानत नाहीत. ते लेकींच्या मागोमाग जातात. एका घरातून दुसऱ्या घरात, एका आडनावातून दुसऱ्या आडनावात. त्यामुळे पुढे कोठे त्यांनी डोके वर काढले, तर त्याचा मूळ घराशी काही संबंध आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. अशा रोगांच्या वंशावळी जिने आयुष्यभर चिकाटीने लिहिल्या, त्या इंग्रज विदुषीचा परिचय वाचकांना करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ज्युलिया बेल यांचा जन्म २८ जानेवारी १८७९ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे झाला. वडिलांचा व्यवसाय छपाईचा. चौदा भावंडांत ज्युलियाबाईंचा क्रमांक दहावा. नॉटिंगहॅमच्या मुलींच्या हायस्कुलात शिक्षण घेऊन १८९८ मध्ये त्या केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात दाखल झाल्या. विषय घेतला गणित. त्या काळी केंब्रिजमध्ये मुलींना व्याख्यानांना बसता येई, परीक्षा देता येई, निकालही लागे. फक्त पदवी मिळत नसे. पदवी हा पुरुषांचा मान! केंब्रिजने हा भेद दूर केला तो १९४८ साली, म्हणजे आपल्या देशाला स्वातंत्र्य मिळाल्याच्याही नंतर. मग या मुलींना वाट सापडली ती डब्लिनची. १९०४ ते १९०७ या काळात तेथील ट्रिनिटी कॉलेजने ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये शिकलेल्या मुलींना त्यांच्या अभ्यासावर पदवी देऊ केली. आगबोटीने समुद्र ओलांडून पदवी आणणाऱ्या या मुलींना लोक गमतीने आगबोटवाल्या बायका म्हणत. ज्युलियाबाई त्यांतल्याच एक. एम. ए. ची पदवी त्यांनी अशी पैलतीरावरून आणली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे त्या कागदाचे मोल मला ठाऊक आहे. सगळा अभ्यास करून घ्यायचा आणि कागद तेवढा द्यायचा नाही, याला काय म्हणावे?

पदवीच्या या खटपटीच्या काळात त्या केंब्रिजच्या सौर वेधशाळेत काम करीत होत्या. सूर्याचे लंबन, म्हणजे ज्या अतिसूक्ष्म कोनावरून सूर्याचे पृथ्वीपासूनचे अंतर काढतात, त्याची आकडेमोड त्यांनी सुमारे सहा वर्षे केली. पुढे १९०८ साली त्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून रुजू झाल्या. ग्रहताऱ्यांचे आकडे सुटले आणि माणसांचे आले.

पिअर्सन यांनी १९०९ पासून ‘ट्रेझरी ऑफ ह्यूमन इनहेरिटन्स’ नावाची ग्रंथमाला सुरू केली होती. जगभरच्या वैद्यकीय लिखाणात विखुरलेल्या आनुवंशिक रोगांच्या वंशावळी एकत्र करून, त्यांचे तक्ते छापून ठेवायचे, हे तिचे स्वरूप. परंतु तक्ता करणाऱ्याला रोग कळला पाहिजे. पिअर्सन यांच्या सल्ल्यावरून ज्युलियाबाईंनी वयाच्या पस्तिशीत वैद्यकीय शिक्षणाला हात घातला. पहिले महायुद्ध चालू होते. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत आणि सेंट मेरीज रुग्णालयात शिकून १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या. तेव्हा त्यांचे वय होते एक्केचाळीस. डॉक्टरकीचा धंदा मात्र त्यांनी केला नाही. त्या परत आपल्या टेबलाकडे आल्या आणि पुढची कित्येक वर्षे त्या ग्रंथमालेचे खंडामागून खंड लिहीत राहिल्या. डोळ्यांचे आनुवंशिक रोग, हंटिंग्टनचा रोग, स्नायू क्षीण करणारे रोग, आखूड बोटे. एकेका रोगासाठी शेकडो कुटुंबे. कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाची मुलगी, रोग कोणाला झाला, कितव्या वर्षी दिसला, कोणाला झाला नाही. ज्याला रोग झाला नाही त्याचीही नोंद तितकीच महत्त्वाची, हे त्यांनी कधी सोडले नाही. १९३८ मध्ये त्यांना रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या फेलो म्हणून निवडण्यात आले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती लपवून चरित्र लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या प्रयोगशाळेत हे काम चालले ती फ्रान्सिस गाल्टन यांच्या नावाची होती, आणि गाल्टन म्हणजे सुप्रजननाच्या विचाराचे जनक. कोणी मुले जन्माला घालावीत आणि कोणी घालू नयेत हे शास्त्राने ठरवावे, असा तो विचार. इंग्लंडात १९१३ च्या कायद्याने बौद्धिक अक्षमता असलेल्यांना संस्थांत कोंडून ठेवण्याची सोय झाली. जर्मनीत १९३३ च्या कायद्याने अशा माणसांची सक्तीने नसबंदी सुरू झाली आणि महायुद्धात तर त्यांच्या हत्याच झाल्या. वंशावळीचा तक्ता हा अशा लोकांच्या हातचा कागद होता. मला असे वाटते की, ज्युलियाबाईंचे लेखन आज वाचण्याजोगे राहिले ते त्यांनी घराण्यावर शिक्का मारण्यापेक्षा नोंद अचूक ठेवण्याला अधिक जपले म्हणून. पण तो कागद कोणत्या घरात तयार झाला हे विसरून चालणार नाही.

१९३७ मध्ये त्यांनी जे. बी. एस. हॉल्डेन यांच्याबरोबर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. हे हॉल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. रक्त न गोठण्याचा रोग, म्हणजे हिमोफिलिया, आणि रंगांधळेपणा हे दोन्ही ज्या कुटुंबांत आहेत, त्यांच्या वंशावळींवरून या दोघांनी दाखवले की दोन्हींची जनुके एकाच गुणसूत्रावर, एक्स गुणसूत्रावर, एकमेकांजवळ बसलेली आहेत. माणसातील दोन जनुकांचे असे शेजारपण प्रथमच सिद्ध झाले.

एक्स गुणसूत्राचे थोडे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. स्त्रीला एक्स दोन, पुरुषाला एकच. आणि पुरुषाचा तो एक नेहमी आईकडून आलेला. स्त्रीच्या एका एक्समध्ये दोष असला तरी दुसरा बरेचसे सांभाळून घेतो. मुलाला दोषी एक्स मिळाला तर सांभाळणारा दुसरा कोणी नाही. म्हणून असा रोग मुलांत उघड दिसतो आणि धडधाकट दिसणाऱ्या आयांमार्फत पुढे जातो.

लंडनमधील मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स पर्डन मार्टिन यांच्यापुढे असेच एक कुटुंब आले. त्यात दोन पिढ्यांत मिळून अकरा पुरुष बौद्धिकदृष्ट्या गंभीर स्वरूपात अक्षम होते. त्यांच्या आया व्यवस्थित होत्या. दोन स्त्रियांत मात्र सौम्य लक्षणे दिसत होती. मार्टिन आणि बेल यांनी ही वंशावळ १९४३ साली, ऐन युद्धात, प्रसिद्ध केली. तोवर मंदबुद्धीचे खापर सरसकट घराण्याच्या नादानपणावर, दारूवर किंवा बाळंतपणातील दुखापतीवर फोडले जाई. या तक्त्याने दाखवले की बौद्धिक अक्षमतेचा निदान एक प्रकार तरी एक्स गुणसूत्राच्या वाटेने, ठरलेल्या नियमाने जातो. ज्युलियाबाई त्या वेळी चौसष्ट वर्षांच्या होत्या.

आमच्या आळीत एका बाईंचा मोठा मुलगा असा आहे. लांबट चेहरा, मोठे कान, नजरेला नजर देत नाही, तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो. त्याचे निदान कोणी केलेले नाही, म्हणून त्याला कोणता आजार आहे हे मी म्हणणार नाही. पण त्याच्या आईने काय काय ऐकले ते मी ऐकले आहे. ग्रहणात भाजी चिरली असेल, नवस फेडला नसेल, माहेरच्यांनी काही लपवले असेल. आता कोणी म्हणेल, शास्त्रानेही शेवटी आईकडेच बोट दाखवले की! तसे नाही. आईला तो एक्स तिच्या आईकडून मिळालेला असेल किंवा वडिलांकडून. एखादा चांगला चालता-बोलता, कर्तासवरता बाप हा सुप्त दोष आपल्या प्रत्येक मुलीला देतो, मुलाला मात्र कधीच देत नाही. दोष देण्याला इथे माणूसच उरत नाही. हे त्या बाईंना समजेल अशा भाषेत कसे सांगावे, याचा मी बरेच दिवस विचार करते आहे.

ज्युलियाबाई १९४४ मध्ये नोकरीतून निवृत्त झाल्या, पण काम थांबले नाही. १९५१ मध्ये त्यांनी आखूड बोटांच्या प्रकारांची जी वर्गवारी केली, तिच्या आधाराने डॉक्टर आजही ते प्रकार ए, बी, सी अशा अक्षरांनी ओळखतात. १९५९ मध्ये, म्हणजे ऐंशीव्या वर्षी, गरोदरपणातील रुबेलावर, म्हणजे जर्मन गोवरावर, त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत त्या १९६५ पर्यंत जात होत्या. २६ एप्रिल १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची शंभरी पुरी झाली होती.

त्या १९४३ च्या तक्त्याकडे दरम्यान फारसे कोणी पाहिले नव्हते. १९६९ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट लब्स यांना अशाच एका कुटुंबातील पुरुषांच्या एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळ, सूक्ष्मदर्शकाखाली, तुटल्यासारखी जागा दिसली. इतरांना मात्र ती दिसेना. कोडे सोडवले ऑस्ट्रेलियातील ग्रँट सदरलँड यांनी १९७७ मध्ये. पेशी ज्या द्रवात वाढवतात त्यात फॉलिक ॲसिड भरपूर असले की ती जागा झाकली जाते. कमी असले की उघडी पडते. प्रयोगशाळांनी सुधारलेले, सकस द्रव वापरायला घेतल्यामुळेच खूण नाहीशी झाली होती! या ठिसूळ दिसणाऱ्या जागेवरून रोगाला फ्रॅजाइल एक्स हे नाव पडले. १९८१ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी मार्टिन-बेल यांच्या त्याच कुटुंबातील माणसे पुन्हा तपासली, आणि त्यांच्यात हीच खूण सापडली. ज्युलियाबाईंना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती.

पुढचा भाग मला सर्वांत नवलाचा वाटतो. १९९१ मध्ये या रोगाचे जनुक सापडले. त्याला एफएमआर-१ म्हणतात. या जनुकाच्या आरंभी सी-जी-जी ही तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक माणसांत ती चाळीस-पंचेचाळीस वेळांपेक्षा कमी येतात. ५५ ते २०० वेळा आली तर माणूस वरवर ठीक असतो, पण ही संख्या पुढच्या पिढीत, आईकडून जाताना, एकदम फुगू शकते. २०० च्या वर गेली की जनुक मुके होते आणि मेंदूतील पेशींच्या जोडण्यांना लागणारे एक प्रथिन बनत नाही. म्हणून आजोबा ठीक, आई ठीक आणि नातू अक्षम, असे घडते. त्या ठीक वाटणाऱ्या आजोबांना उतारवयात कंप सुटतो, तोल जातो, तोही याच कारणाने, हे तर २००१ मध्ये कळले.

रोग पिढीगणिक लवकर आणि अधिक जोराने दिसतो, ही तक्रार जुने डॉक्टर स्नायूंच्या एका रोगाबद्दल करीत. ज्युलियाबाईंनी १९४७ मध्ये त्या रोगाची कुटुंबे, रोग सुरू झाल्याच्या वयांसह, छापली होती. लायोनेल पेनरोझ हे त्या काळचे मोठे शास्त्रज्ञ. त्यांनी १९४८ मध्ये याच आकड्यांच्या आधारे सांगितले की, हा सारा रुग्ण निवडण्याच्या पद्धतीतून होणारा भास आहे. चाळीसेक वर्षे तेच मत चालले. मग १९९२ मध्ये त्या रोगाचे जनुक सापडले आणि तिथेही तीन अक्षरांची माळ पिढीगणिक लांबताना दिसली. १९९३ मध्ये हंटिंग्टनच्या रोगात तेच. हे दोन आणि फ्रॅजाइल एक्स, तिन्ही ज्युलियाबाईंच्या टेबलावरून गेलेले रोग. मोठ्या माणसाचे मत चुकीचे निघाले, आकडे मात्र बरोबर होते.

पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांनुसार साधारण चार ते सात हजार मुलग्यांमागे एकाला हा रोग असतो. तो बरा करणारे औषध अजून नाही. लवकर निदान झाले तर बोलणे शिकवणे, विशेष शिक्षण, स्वभाव आणि फिट्स यांवर उपचार एवढे करता येते. रक्ताच्या तपासणीत ती माळ मोजता येते. पण तपासणीच्या आधी समुपदेशक कोरा कागद घेतात, मध्ये मुलाला मांडतात आणि आईला विचारतात: तुम्हाला भाऊ किती? मावशीला मुले किती? आजोबांचा हात थरथरत होता का? मग कागद आईच्या बाजूने भरत जातो.